वरच्या खोलीतले क्रेयॉन

भावाची मुलं पुण्याला गेली, त्यानंतर चार दिवसांनी वडील जेवता जेवता म्हणाले की वरची खोली आता भाड्यानं देऊन टाकू. मी बरं म्हटलं आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

इकडं आमच्या गावी मंगळवार पेठेतलं घर तसं लहानच. खाली स्वयंपाकघर, मधली खोली आणि रस्त्याकडच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन. मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. वर एकच मोठी खोली. त्या खोलीत मागची चार वर्षं मी दोन मुलांना घेऊन झोपत होते. मुलं माझी नव्हती. माझ्या धाकट्या भावाची.

भावजय नर्स. तिला आखातातल्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि मुलगा अकरा महिन्यांचा. भाऊ इचलकरंजीत लूमच्या शेडमध्ये जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. त्यानं दोन लेकरं कशी बघायची? आमची आई आधीच वारलेली. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि आता होणार नाही हे घरात सगळ्यांनी धरून चाललेलं होतं, मीसुद्धा. मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. एका रविवारी भाऊ मुलांना आणि कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन आला, आणि सोमवारपासून मी मशीनवर बसताना एक पाय पॅडलवर आणि एक पाय झोळीच्या दोरीत ठेवायला लागले.

मुलगा बोलायला लागला तेव्हा एकदा मला आई म्हणाला. मी त्याला लगेच सांगितलं, आत्या म्हणायचं. आई ती, फोनमध्ये दिसते ती. त्यानंतर तो चुकला नाही.

क्रेयॉन आणले मुलीच्या बालवाडीसाठी. बारा खडूंची पेटी. पहिले दोन महिने वहीत गेले, मग भिंत सुरू झाली. मला ते कळलं होतं. वरची खोली एकदम गप्प झाली की मी समजायची, चालू आहे. मी रागावले नाही. ह्यात काही कौतुकाचं नाही. लग्नसराईत माझ्याकडं रोज सात-आठ ब्लाउज असायचे, गिऱ्हाइकं दारात उभी, आणि वर दोन मुलं तासभर आवाज न करता बसतात हेच मला पुष्कळ होतं. पेटी संपली की मी दुसरी आणायची.

आमच्या वरच्या खोलीला कमरेपर्यंत निळा ऑइलपेंट आहे आणि त्याच्यावर पिवळा डिस्टेंपर. पहिल्या दोन वर्षांतलं सगळं त्या निळ्या पट्ट्यात होतं. मग मुलं वाढली, उशीवर उभी राहायला लागली, आणि चित्रं वर पिवळ्यात चढली. एसटीची गाडी, गॅसची टाकी, माझं मशीन, जमिनीला केस टेकलेल्या बायका, आणि उलटे काढलेले अंक.

ह्या एप्रिलमध्ये भावजय कायमची परत आली. तिला पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली होती, भावालाही तिकडंच एका कारखान्यात काम मिळालं होतं. सगळ्यांनी मिळून एका घरात राहायचं, हे चार वर्षं तिनं मनात धरलं होतं आणि करून दाखवलं. मुलांना सवय व्हावी म्हणून ती आधी आठ दिवस आमच्याकडं राहिली. मुलगा पहिल्या दिवशी दिवसभर माझ्या मशीनच्या मागं लपून बसला. तिनं त्याला ओढलं नाही. ती लांब बसून त्याच्याकडं बघत राहिली, मध्येच एक चॉकलेट फरशीवरून त्याच्याकडं सरकवायची. तिला लेकरांचं कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी मुलीनं तिला भिंत दाखवली. मी खाट आवरत होते. मुलगी एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत होती. हे आजोबा. हे पप्पा, डबा घेऊन चाललेत. ही आत्या. हा बाळ.

"आणि मी कुठं हाय?" भावजयीनं विचारलं.

मुलीला त्यात काही अवघड वाटलं नाही. तिनं एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. चौकोनात एक गोल तोंड होतं, दोन डोळे आणि हसू. "ही बघ की. फोनमध्ये हायस तू."

भावजय हसली. छान काढलंय म्हणाली. मी चादरीची घडी घालून खाली आले.

त्याच दुपारी मी चहा घेऊन वर गेले. मुलं खाली वडिलांजवळ होती. भावजय भिंतीपुढं गुडघ्यावर उभी राहून ओल्या टॉवेलच्या टोकानं तो चौकोन घासत होती. चौकोन गेला नव्हता. काळा रंग पसरला होता, त्यात शेजारच्या चित्रातल्या बाईच्या साडीचा लाल मिसळला होता आणि डिस्टेंपर सुटून टॉवेल पिवळा झाला होता. मी आल्याचं तिला कळलं. तिचा हात थांबला.

"भिंत घाण दिसतीय, म्हणून म्हटलं पुसावी," ती म्हणाली.

मी चहा खिडकीत ठेवला. थंड होईल, घे, एवढंच म्हणाले. तिच्या डोळ्यांकडं मी बघितलं नाही. तेव्हाच मी तिच्याजवळ बसायला हवं होतं, काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी परत खाली येऊन हुक लावायला बसले.

आठव्या दिवशी गाडी आली. सामान चढलं. मुलगी पुढच्या खिडकीत बसली, मुलगा मागं आईजवळ. त्यानं सरकून थोडी जागा केली आणि सीटवर हात आपटून म्हणाला, "आत्या, चढ की."

मी म्हटलं, माझे ब्लाउज द्यायचे राहिलेत, तू हो पुढं. तो बरं म्हणाला. त्याला ते पटलं, कारण गिऱ्हाइकाचे कपडे आधी हे त्यानं जन्मभर ऐकलं होतं. गाडी कोपऱ्यावरून वळली. मी आत येऊन अर्धवट राहिलेला फॉल पुरा केला. शेजारच्या काकू येऊन बसल्या. मी रडले तर जवळ कुणीतरी असावं म्हणून आल्या असणार. मी त्यांना चहा दिला, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं. बराच वेळ बसून त्या गेल्या.

मला वाटत होतं, काहीतरी व्हायचं ते नंतर होईल. काही झालं नाही. झोप लागत होती, जेवण जात होतं. फक्त त्या आठवड्यात मी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कापड गिऱ्हाइकाचं, त्यातलं उरलेलं नव्हतं. मी त्या बाईंना तसं सरळ सांगितलं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, राहू दे, बिनबाह्यांचा कर. मी केला.

खोलीच्या रंगासाठी वडिलांनी आमच्या नेहमीच्या पेंटर चाचांना बोलावलं. चाचा वडिलांच्याच वयाचे. आमच्या घराला आजवर रंगाचे जेवढे हात लागले ते त्यांचे, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचे. ते जिना चढून वर आले, दम खाल्ला आणि चारी भिंतींकडं बघत राहिले. मग अंगठ्याच्या नखानं एक रेघ खरवडली आणि नख मला दाखवलं.

"पोरी, मेण हाय हे. मेणावर रंग धरायचा न्हाय. आता दिला तर महिन्याभरात हे सगळं परत वर येतंय बघ."

मग करायचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, आधी भिंत साफ पाहिजे. त्यांचे गुडघे आता खाली बसू देत नव्हते, त्यामुळं खालच्या पट्ट्याचं त्यांच्यानं होणार नव्हतं. सगळंच मी करते म्हटल्यावर त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. खालचं ऑइलपेंट, ते खायच्या सोड्यानं निघेल. वरच्या डिस्टेंपरला पाणी लावायचं नाही, तिथं लोखंडी पत्तीनं खरवडायचं आणि पॉलिश पेपर मारायचा. मग ते येऊन लांबी, म्हणजे पुट्टी, भरतील, प्रायमर देतील, नंतर रंग. जाताना ते भावजयीनं घासलेल्या जागेपुढं थांबले आणि कुणी हो हे पाणी लावलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून मी वर बसले. बशीत खायचा सोडा, बादलीत पाणी, आणि अस्तराच्या कापडाचे तुकडे. ते माझ्याकडं पोत्यानं असतात. तुकडा ओला करून घट्ट पिळायचा, सोड्यात टेकवायचा आणि हलक्या हातानं गोल गोल फिरवायचं. जोर लावला की ऑइलपेंटची चमक जाते, हे मला पहिल्या वीतभर जागेत कळलं. हलक्या हातानं रंग चांगला निघतो. आधी रेघ फिकट होते, मग तिच्या कडा जातात, मग कापडावर रंग येतो आणि भिंत नुसती निळी राहते. मग स्वच्छ ओल्या फडक्यानं सोडा पुसून घ्यायचा, नाहीतर वाळल्यावर पांढरा थर दिसतो. जांभळा तेवढा चिवट. त्याला मी टूथपेस्ट लावली, साधी पांढरी, दोन मिनिटं ठेवून पुसली. निघाला.

मी दाराकडून सुरुवात केली होती. काय पुसतोय हे बघत नव्हते असं म्हणणार नाही. बघत होते. ही गॅसची टाकी. हे माझं मशीन, त्याला चाक दोन्हीकडं काढलंय. हा चार उलटा. बघायचं, आणि हात फिरवत राहायचा. दुपारपर्यंत बादलीतलं पाणी तपकिरी झालं. सगळे रंग एकत्र आले की तेच होतं.

वडील एकदा वर आले. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, मुलांना गाड्यांची नावं त्यांनीच शिकवली. ते एसटीच्या चित्रापुढं वाकून उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला.

"टायर सहा काढल्यात," ते म्हणाले. "मागचे चार, पुढचे दोन. बरोबर हाय."

मी हात थांबवून वाट बघितली. ठेव म्हणाले असते तर ठेवली असती. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेले. मी गाडी पुसली. टायर सगळ्यांत शेवटी गेले.

खालचा पट्टा दोन दिवसांत झाला. वरच्या पिवळ्यात मात्र माझं चुकलं. कापडावर मेण सांडलं की आम्ही वर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवतो, मेण कागदात उतरतं. मला वाटलं, भिंतीलाही तेच. चाचांचं न ऐकता मी वर्तमानपत्र धरून इस्त्री टेकवली. थोडं मेण कागदाला आलं, बाकीचं पातळ होऊन भिंतीतच जिरलं आणि तिथं तेलकट डाग पडला. पंजाएवढा. मी इस्त्रीचा प्लग काढला आणि पत्ती घेतली.

खरवडायला लागले की पिवळी भुकटी पडते, त्यात लाल-हिरवे कण. नाकातोंडात जाते. मी तोंडाला ओढणी बांधून तिसऱ्या दिवशी तेच करत होते तेव्हा फोन वाजला. भावजयीचा होता. ती शक्यतो भावाच्या फोनवरून सगळ्यांसमोर बोलायची. आज एकटीच होती.

"ताई, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "त्यानं इथं हॉलच्या भिंतीवर क्रेयॉननं काढून ठेवलंय. फ्लॅट भाड्याचा हाय, मालक खालीच राहतात. मी पुसत होतो तर आणखीच पसरलं. तुम्ही काय करता?"

मी विचारलं, रंग कसला आहे, हात लावून गुळगुळीत लागतो का. ती म्हणाली, व्हय, गुळगुळीत हाय, चमकतोय. मग मी तिला सांगितलं. खायचा सोडा. फडकं पिळून घे, पाणी गळायला नको. गोल फिरव, जोर लावू नको. आधी दाराआडच्या कोपऱ्यात करून बघ, रंग सुटत नाही ना ते. नंतर साध्या पाण्यानं पूस. जांभळं असलं तर टूथपेस्ट. थिनर वगैरे कुणी सांगितलं तरी घरात आणू नको, मुलं हात लावतील. ती मध्ये मध्ये हां हां म्हणत होती. लिहून घेत होती बहुतेक.

मग मुलीनं फोन घेतला. "आत्या, मी नाही काढलं. त्यानं काढलं," ती म्हणाली. आमच्याकडं असती तर 'मी काढलो न्हाय' म्हणाली असती. पुण्याला जाऊन तीन आठवडे झाले होते. तिनं विचारलं, आपल्या खोलीतलं आहे का अजून. मी सांगितलं, पुसलं, तिथं दुसरी माणसं राहायला येणार. ती म्हणाली, बरं, आणि तिच्या नव्या सायकलीचं सांगायला लागली. लाल आहे, पुढं जाळी आहे.

भावजयीनं फोन परत घेतला. मला वाटलं, ठेवेल. ती ठेवत नव्हती.

"ताई, त्या दिवशी मी ती भिंत घाण होती म्हणून पुसत नव्हतो."

"ठावं हाय मला," मी म्हटलं.

"तुम्ही काहीच बोलला न्हाय."

"काय बोलायचं होतं? वाईट वाटणारच की."

तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली की मुलगा तिच्याजवळ झोपत नाही. दिवसभर चांगला असतो, खेळतो, तिच्या हातून जेवतो. अंथरुणावर पडलं की आत्या म्हणून सुरू करतो आणि तासभर थांबत नाही. नवरा कामावर, मुलगी झोपलेली, आणि ती त्याला घेऊन खोलीत फेऱ्या मारते. "मी नर्स हाय ताई, शंभर लेकरं झोपवली असतील. माझंच झोपत न्हाय. तुम्ही काय करत होता, मला सांगा."

मी पत्ती खाली ठेवली. मी तिला सांगितलं, उचलून फिरवू नको, तो जागा होतो त्यानं. पालथा झोपव. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, नखं न लावता खाजवायचं, वरून खाली. बोलायचं नाही, गाणं म्हणायचं नाही. तो पाय हलवत राहील, हलवू दे. पाय थांबले तरी हात लगेच काढायचा नाही, शंभर मोजायचे. चादर त्याला छातीपर्यंत लागते, पाय उघडे. एवढंच.

ती म्हणाली, पालथा, खांद्यांच्या मध्ये, वरून खाली.

मी म्हटलं, व्हय.

सोड्याचं ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात मी हेही सांगितलं. माझा आवाज हलला नाही, हे मला बोलतानाच जाणवत होतं. एवढं एक माझ्याकडं राहिलं होतं आणि तेही मी आता दिलं, असा एक विचार आला आणि गेला. फोन ठेवल्यावर मी ओढणी परत बांधली आणि राहिलेला कोपरा खरवडायला घेतला.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. भिंतीवरचं निघालं, आणि काल वीस मिनिटांत झोपला. मी अंगठा पाठवला.

पुढच्या आठवड्यात चाचा आले. इस्त्रीचा डाग बघून त्यांनी मान हलवली. त्यांनी लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला. रंग वडिलांनी निवडला, खालून वरपर्यंत एकच, फिकट मोतिया. प्रायमर वाळताना चाचा खाली येऊन बसले. म्हणाले, त्यांच्या नातवंडांनी घरात हेच केलंय आणि त्यांनी अजून ते पुसलेलं नाही, लोकांच्या भिंतींतून सवडच मिळत नाही. मी त्यांना चहा दिला. खोलीत रंगाचा वास आठ-दहा दिवस राहिला. कुठलंही चित्र वर आलं नाही.

जूनमध्ये भाडेकरू आले. नवराबायको, दोघंही बँकेत, मुलंबाळं नाहीत. चांगली माणसं आहेत. सकाळी नवाला जातात, संध्याकाळी येतात, त्यांच्या चालण्याचा आवाजसुद्धा होत नाही. मी आता खाली मधल्या खोलीत झोपते. मशीनवर दोन्ही पाय पॅडलवर असतात, काम लवकर उरकतं.

दिवाळीत भाऊ सगळ्यांना घेऊन दोन दिवस आला. मुलीनं केस कापले होते, मुलगा उंच झाला होता. त्याला वर जायचं होतं. मी म्हटलं, तिथं आता दुसऱ्यांचं घर आहे. त्यानं फार हट्ट केला नाही. पहिल्या दिवशी जेवताना तो आईला चिकटून बसला होता. मी चकलीचं ताट त्याच्यापुढं धरलं. त्याचा हात पुढं आला आणि थांबला, आणि त्यानं आईकडं बघून विचारलं, "घेऊ?"

भावजयीचं तोंड एकदम उतरलं. "आत्या हाय ती, विचारतोस काय," ती त्याला म्हणाली.

मी ताट तसंच धरून होते. त्यानं एक चकली घेतली, मग आणखी एक, आणि खायला लागला. मी ताट मुलीकडं फिरवलं, मग भावाकडं. मग वडिलांना चकली चावत नाही म्हणून त्यांच्यासाठी चिवडा आणायला आत गेले.